टॅव्हर्नियरची साक्ष : डिचोलीवरून गेलेला जवाहिऱ्या आणि दख्खनचा इतिहास

इ.स. १६४१ च्या अखेरीस एक फ्रेंच जवाहिऱ्या गोव्यात आला. तो पाच दिवस राहिला आणि सुरतेला खुष्कीच्या मार्गाने परत निघाला. गोवा बेट सोडल्यावर त्याचा पहिला मुक्काम डिचोली. तेथून विजापूर, पुढे गोवळकोंडा, औरंगाबाद आणि सुरत. झां-बातीस्त टॅव्हर्नियर याने आपल्या प्रवासग्रंथात ही वाट थोडक्यात सांगितली आहे. डिचोलीबद्दल तो सांगतो ते एवढेच, की हे गाव बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे. पुढे गोव्याहून विजापूरला साधारण आठ दिवस आणि विजापूरहून गोवळकोंड्याला नऊ दिवस लागतात, असा हिशेब येतो. गावाची वस्ती, तेथील बाजार, आदिलशाही अंमलदार किंवा पुढच्या घाटवाटा यांविषयी त्यात काही नाही.

१६४८ च्या आरंभी तो दुसऱ्यांदा गोव्यात आला. या वेळी सुरतेहून समुद्रमार्गे आधी वेंगुर्ल्यास उतरला आणि मग गोव्यात गेला. वेंगुर्ला आणि गोवा यांच्यामध्ये, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या दरम्यान, पेडणे महाल पसरलेला आहे. वेंगुर्ल्याचे वर्णन त्याने केले आहे आणि गोव्यावर तर काही प्रकरणे खर्ची घातली आहेत. मधल्या पेडण्याच्या वाट्याला मात्र वर्णन आलेले नाही.

सतराव्या शतकातील हिंदुस्थानविषयी लिहिणारा क्वचितच एखादा इतिहासकार टॅव्हर्नियरला टाळून पुढे जातो. मोगल दरबार, हिऱ्यांच्या खाणी, हुंडीचे दर, ताजमहाल, विजापूरची आदिलशाही, शिवाजी महाराजांचा उदय या सर्व विषयांवर त्याची वाक्ये उद्धृत होतात. पाठ्यपुस्तकांतही ती येतात, पण बहुधा संदर्भ गळून गेलेल्या स्थितीत. म्हणून त्याची साक्ष कोणत्या बाबतीत मानावी आणि कोणत्या बाबतीत मानू नये, हे ठरवणे आवश्यक ठरते. डिचोली आणि पेडणे यांच्याविषयीचे त्याचे मौन या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याची नजर कशावर ठरत असे आणि कशावरून सरळ पुढे जात असे, याची खूण त्यातून मिळते.

चरित्राची रूपरेषा

टॅव्हर्नियरचा जन्म १६०५ मध्ये पॅरिस येथे झाला. घराणे प्रॉटेस्टंट होते आणि मूळचे अँटवर्पचे. वडील आणि चुलते नकाशांचे कोरीवकाम व व्यापार यांत होते. दूरदेशांची नावे आणि अंतरे घरातच कानांवर पडत असल्याने प्रवासाची ओढ लहानपणीच लागली. तरुणपणी त्याने युरोप पालथा घातला आणि १६३१ च्या सुमारास इराणची पहिली सफर सुरू केली. १६६८ पर्यंत अशा सहा सफरी झाल्या. पहिली सोडून बाकीच्या सफरींमध्ये तो हिंदुस्थानापर्यंत आला.

त्याची व्यापाराची पद्धत सरळ होती. युरोपात घडवलेले दागिने, मोती आणि किमती वस्तू पूर्वेकडील राजेरजवाड्यांना विकायच्या आणि परतताना हिरे न्यायचे. माल वजनाला हलका आणि किमतीला भारी असल्याने कंपन्यांसारखी जहाजे आणि वखारी यांची त्याला गरज नव्हती. गरज होती ती वाटांची, नाण्यांची, वजनांची आणि माणसांची अचूक माहिती असण्याची. बंगालचा सुभेदार शाइस्ताखान याच्याशी त्याचे व्यवहार झाले. १६६६ च्या जानेवारीत तो खानाला भेटण्यासाठी ढाक्यापर्यंत गेला होता.

सहाव्या सफरीनंतर त्याने आणलेले हिरे चौदाव्या लुईने विकत घेतले. त्यांत सुमारे ११२ कॅरटचा निळा हिरा होता. १६६९ मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली आणि १६७० मध्ये त्याने जिनिव्हाजवळची ओबोन येथील जहागीर विकत घेतली. आयुष्याचा शेवट मात्र जहागिरीत झाला नाही. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने पूर्वेकडील व्यापारासाठी कंपनी काढण्याचा बेत केला, तेव्हा ऐंशीच्या घरातील टॅव्हर्नियर त्यात सामील झाला. ओबोनची जहागीर विकली गेली. त्याच सुमारास, १६८५ मध्ये, फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची हमी रद्द झाली. १६८९ मध्ये पुन्हा पूर्वेकडे निघालेला हा वृद्ध व्यापारी मॉस्को येथे मरण पावला.

तो काळ फ्रान्समध्ये व्यापाराला शास्त्राचे रूप देण्याचा होता. मंत्री कोल्बेर याने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. १६७३ च्या व्यापारविषयक कायद्याच्या रचनेत ज्याचा मोठा वाटा होता, त्या झाक साव्हारी याने १६७५ मध्ये व्यापाऱ्यांसाठी मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. टॅव्हर्नियरच्या ‘सहा सफरी’ त्यानंतर वर्षभराने, १६७६ मध्ये, आल्या. साव्हारीने हिशेब, हुंडी, भागीदारी आणि दिवाळे यांचे नियम सांगितले. टॅव्हर्नियरने नियम सांगितले नाहीत. हजारो कोसांवर हेच व्यवहार प्रत्यक्षात कसे चालतात, ते त्याने सांगितले. दोन्ही ग्रंथांचा वाचक एकच होता, आणि तो म्हणजे नफ्यातोट्याची चिंता वाहणारा व्यापारी. टॅव्हर्नियरचा ग्रंथ समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

ग्रंथ कोणाचा?

या ग्रंथाविषयी आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. त्याची भाषा टॅव्हर्नियरची नाही. त्याच्या टिपणांना आणि तोंडी सांगण्याला ग्रंथाचे रूप दिले ते साम्युएल शाप्युझो या लेखकाने. १६७९ मध्ये आलेल्या पुरवणी खंडाचे काम दुसऱ्या लेखणीने केले. मूळ टिपणे रुक्ष, पण वाचकाला तर रंजक कथा हव्या होत्या. त्यामुळे ग्रंथात दोन थर तयार झाले. एक थर हिशेबाच्या वहीसारखा आहे. त्यात तारखा, अंतरे, वजने, दर आणि जकाती येतात. दुसरा थर ऐकीव कथांचा आहे. त्यात राजवाड्यातील कारस्थाने, विषप्रयोग, सती, फकीर आणि चमत्कार येतात. या दोन थरांना एकच मोल देणारा वाचक हमखास फसतो.

व्होल्तेरने टॅव्हर्नियरविषयी मत दिले, की तो तत्त्वज्ञांशी बोलत नाही, व्यापाऱ्यांशी बोलतो. मोठे रस्ते कोणते आणि हिरे कसे घ्यावेत, यापलीकडे त्याच्याकडून शिकण्यासारखे फारसे नाही, असा त्याचा आशय होता. हे दूषण म्हणून म्हटले गेले. परंतु इतिहासाच्या साधनाची परीक्षा करताना तेच त्याचे मोठे प्रमाणपत्र ठरते. रस्ते आणि हिरे या दोन बाबींत चूक झाली असती, तर टॅव्हर्नियरचे दिवाळे निघाले असते. ज्या माहितीवर माणसाने स्वतःचे भांडवल लावलेले असते, ती माहिती त्याने पुन्हा पुन्हा पडताळलेली असते.

याचा पुरावा दोनशे वर्षांनी मिळाला. हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात काम केलेल्या व्हॅलेंटाईन बॉल याने १८८९ मध्ये या ग्रंथाचे सटीप इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. टॅव्हर्नियरने ‘रावलकोंडा’ आणि ‘कोलूर’ म्हणून सांगितलेल्या हिऱ्यांच्या खाणी लोक विसरून गेले होते. बॉलने त्याच्या मुक्कामांची आणि अंतरांची नकाशाशी जुळणी केली आणि आजच्या आंध्र प्रदेशातील रामळ्ळकोटा व कृष्णाकाठचे कोल्लूर ही ती ठिकाणे असल्याचे दाखवून दिले. ज्या वाटसरूच्या मुक्कामांवरून दोन शतकांनी खाणी शोधता येतात, त्याच्या वाटांच्या नोंदींवर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

जेथे थैली, तेथे नजर

रामळ्ळकोट्याच्या बाजाराचे त्याचे वर्णन याच कारणाने मोलाचे आहे. सौदा कसा होतो, हे तो सांगतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात आणि एकमेकांचे हात कापडाखाली धरतात. पूर्ण हात दाबला तर हजार, पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत पन्नास आणि टोकाचे पेर म्हणजे दहा. तोंडातून शब्द निघत नाही. भोवती बसलेल्यांना किंमत कळत नाही आणि एकाच सभेत तोच माल अनेकदा हात बदलतो. गुजरात-महाराष्ट्रातील जुन्या बाजारांत, विशेषतः जनावरांच्या आणि जवाहिरांच्या व्यापारात, रुमालाखालचा हा सौदा अलीकडेपर्यंत चालत असे. त्यामुळे हे वर्णन ओळखीचे वाटते. व्यापाऱ्यांची पंधरा-सोळा वर्षांची आणि त्याहून लहान मुले झाडाखाली तराजू व थैली घेऊन बसतात आणि हिरे पारखून विकत घेतात, हेही तो कौतुकाने नोंदवतो. खाणीतील कसबी मजुराला मात्र वर्षाला अवघे तीन होन मिळतात, हेही त्याच वहीत आहे. मजुराची दया म्हणून त्याने ते लिहिले नसेल. मालाची किंमत कशी ठरते ते समजून घेताना मजुरीचा आकडा त्याला हवाच होता. आज मात्र तो आकडा गोवळकोंड्याच्या वैभवाची दुसरी बाजू दाखवतो.

हुंडीच्या दरांचे त्याचे कोष्टक आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडले आहे. सुरतेवर काढलेल्या हुंडीला अहमदाबादेहून शेकडा एक ते दीड, गोवळकोंड्याहून आणि गोव्याहून चार ते पाच आणि ढाक्याहून दहापर्यंत दर पडे. हे दर अंतराप्रमाणे वाढतात, आणि वाटेतील धोक्याप्रमाणेही. हिंदुस्थानात सराफ नाही असे खेडे फारच लहान समजावे, असे तो म्हणतो. हे सराफ पैशांची देवघेव करण्यात किती तरबेज आहेत, याचे वर्णन करताना त्याच्यातील अनुभवी व्यापारी मनापासून बोलतो. निळीच्या व्यापारातील भेसळ आणि कापडातील लबाडी यांवरही त्याने लिहिले आहे. निळीची भुकटी चाळणाऱ्या माणसांमध्ये सकाळी ठेवलेले अंडे संध्याकाळी फोडले तर आतून निळे निघते, ही त्याची नोंद कोणत्याही आरोग्य अहवालापेक्षा बोलकी आहे.

१६६५ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने त्याला बादशाही जवाहिर दाखवण्यात आले. पुढे ‘ग्रेट मोगल’ या नावाने प्रसिद्ध झालेला हिरा त्याने हातात घेतला. त्याचे वजन ३१९½ रती, म्हणजे त्याच्या हिशेबाने सुमारे २८० कॅरट, असे त्याने नोंदवले. हा हिरा व्हेनिसच्या होर्तेन्सिओ बोर्जिओ याने घासला होता. काम इतके वाईट झाले, की त्याला मजुरीऐवजी दहा हजार रुपये दंड भरावा लागला. टॅव्हर्नियरला या प्रसंगी बादशहाच्या ऐश्वर्याने दिपल्यासारखे झालेले नाही. घासणीत किती माल वाया गेला, याची हळहळ त्याला वाटते. अशा ठिकाणी त्याची साक्ष निःसंकोच मानावी. त्याने फ्रान्सच्या राजाला विकलेल्या निळ्या हिऱ्याची गोष्टही याला दुजोरा देते. तो हिरा १६७३ मध्ये नव्याने घासला गेला आणि १७९२ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत चोरीस गेला. २००७ मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्याची शिशाची प्रतिकृती सापडली आणि वॉशिंग्टनमध्ये असलेला ‘होप’ हिरा त्यातूनच कापला गेला, हे पक्के झाले. या शोधाच्या साखळीत टॅव्हर्नियरने दिलेले वजन आणि आकृती हा पहिला दुवा होता.

जेथे थैली नाही, तेथे ऐकीव गोष्ट

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. डिचोलीवरून निघून टॅव्हर्नियर विजापूरला पोहोचला, तेव्हा मुहम्मद आदिलशहाची कारकीर्द चालू होती. शहरात अली आदिलशहाची जामा मशीद होती. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा रोजा उभा होता. पुढे ज्याच्या भव्य घुमटाची जगभर गणना झाली, तो गोल घुमट याच मुहम्मद आदिलशहाच्या काळातला. या शहराबद्दल टॅव्हर्नियरचा अभिप्राय असा, की शहर मोठे आहे, पण इमारतींच्या दृष्टीने किंवा व्यापाराच्या दृष्टीने त्यात सांगण्याजोगे काही नाही. राजवाडा मोठा पण बेढब, आणि खंदकात मगरी आहेत. या अभिप्रायाला पुरावा मानून कोणी विजापूरचे मोल ठरवले, तर ते हास्यास्पद होईल. त्याच्या दृष्टीने विजापूर हा हिऱ्यांचा बाजार नव्हता, गोवळकोंड्याच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. मगरी त्याला दिसल्या, इब्राहीम रोजा दिसला नाही. दख्खनच्या मुस्लिम स्थापत्याविषयी परकीय प्रवासी गप्प आहेत म्हणून ते दुय्यम दर्जाचे होते, असा तर्क करणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

शहाजीराजांविषयीचा त्याचा मजकूर तर सरळसरळ चुकीचा आहे. शिवाजी महाराजांचे वडील विजापूरच्या राजाने कैदेत टाकले आणि ते कैदेतच मरण पावले, म्हणून मुलाच्या मनात वैर उत्पन्न झाले, अशी हकिकत तो देतो. प्रत्यक्षात शहाजीराजांना १६४८ मध्ये कैद झाली, १६४९ मध्ये सुटका झाली आणि त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे ते आदिलशाहीचे मातब्बर सरदार म्हणून कर्नाटकात होते. १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. बापाच्या मृत्यूचा सूड ही कथानकाला सोयीची कल्पना होती आणि बाजारगप्पांतून ती ग्रंथात शिरली. या हकिकतीवर टॅव्हर्नियरचे एक पैचेही भांडवल लागलेले नव्हते. म्हणून ती पडताळून पाहण्याचे त्याला कारण नव्हते.

ताजमहालाचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. ही इमारत सुरू होताना आणि पूर्ण होताना आपण पाहिली, बावीस वर्षे वीस हजार माणसे तिच्यावर राबत होती, असे टॅव्हर्नियर सांगतो. मुमताजमहलचे निधन १६३१ मध्ये बुऱ्हाणपूर येथे झाले आणि काम लगेचच सुरू झाले. टॅव्हर्नियर आग्र्यास प्रथम आला तो १६४०–४१ च्या सुमारास. त्यामुळे आरंभ पाहिल्याचा त्याचा दावा टिकत नाही. समकालीन दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ‘पादशाहनामा’त सुमारे बारा वर्षे आणि पन्नास लाख रुपये असा हिशेब देतो. हे आकडे बाजूला राहिले आणि बावीस वर्षे, वीस हजार मजूर ही जोडी पाठ्यपुस्तकांत आणि वाटाड्यांच्या तोंडी कायमची बसली. यमुनेच्या पलीकडे शाहजहानने स्वतःची कबर बांधायला घेतली होती, पण मुलांच्या युद्धामुळे ती राहिली, हेही विधान टॅव्हर्नियरचेच. पुढे त्यातूनच ‘काळ्या ताजमहाला’ची दंतकथा वाढली. १९९० च्या दशकात तेथील मेहताब बागेत उत्खनन झाले, तेव्हा बाग, हौद आणि कारंजी यांचे अवशेष मिळाले. काळ्या कबरीचा पाया मिळाला नाही.

याच प्रकरणातील एक तपशील मात्र त्याच्या स्वभावाचा आहे. लाकडाच्या अभावी ताजची परांची विटांची करावी लागली आणि तिचा खर्च मूळ कामाहून अधिक झाला, असे तो म्हणतो. आकडा खरा असो वा नसो, त्या महान वास्तूपुढे उभे राहूनही या माणसाच्या डोक्यात परांचीचा खर्च घोळत होता, हे त्यातून कळते.

गोवा आणि वेंगुर्ला

गोव्याचे वर्णन या दोन टोकांच्या मधले आहे. गोव्याचे बंदर कॉन्स्टँटिनोपल आणि तुलों यांच्या बरोबरीचे, जगातील सर्वोत्तम तिनांपैकी एक, असे तो सांगतो. हे अनेक बंदरे पाहिलेल्या माणसाचे मत आहे. वेंगुर्ल्याविषयी तो लिहितो की हे आदिलशाहीतील समुद्रकाठी लांबवर पसरलेले गाव आहे, तेथे पाणी उत्तम आणि तांदूळ चांगला मिळतो, वेलदोड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे, आणि गोव्याची नाकेबंदी करताना डच आरमार येथेच शिधासामग्री भरते. डचांची वखार तेथे १६३७ मध्ये आदिलशहाच्या परवानगीने झाली होती. त्यामुळे ही सर्व माहिती दुसऱ्या साधनांशी जुळते.

१६४१ मध्ये ज्यांना चांगले उत्पन्न होते असे पोर्तुगीज १६४८ मध्ये संध्याकाळच्या अंधारात गुपचूप मदत मागायला येत होते, ही त्याची नोंद गोव्याच्या ऱ्हासाविषयी वारंवार दिली जाते. तिला वजन आहे. डचांनी मलाक्का १६४१ मध्ये घेतले आणि १६३७ ते १६४४ या काळात गोव्याच्या मुखाशी त्यांची जहाजे ठाण मांडून होती. व्यापार बसला की प्रतिष्ठित घराणी आधी दागिने विकतात आणि मग हात पसरतात, हे जवाहिऱ्याला सर्वांत आधी कळते.

धर्मसंस्थेविषयीचे त्याचे लिखाण त्याच्या स्वतःच्या भयातून आले आहे. प्रॉटेस्टंट असल्याने गोव्यास जाताना त्याने आपले बायबल वेंगुर्ल्यास ठेवले होते. इन्क्विझिशनच्या प्रमुखाने त्याविषयी विचारले तेव्हा त्याला ते सांगावे लागले. मद्रासचा कापुचिन धर्मगुरू फादर एफ्रेम याला इन्क्विझिशनने पकडून गोव्यात ठेवले, तेव्हा गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या आज्ञेने मीर जुमल्याने सां तोमेच्या पोर्तुगीजांना कोंडीत धरले आणि त्याची सुटका घडवून आणली, ही हकिकतही तो देतो. एका ख्रिस्ती धर्मगुरूसाठी मुसलमान राज्यकर्त्याने दबाव आणल्याचे हे उदाहरण दख्खनच्या सुलतानांच्या राजकारणावर प्रकाश टाकते. परंतु येथेही टॅव्हर्नियर ऐकलेलेच सांगत आहे. त्यामुळे मूळ घटना मान्य करून तपशिलांविषयी हात राखून ठेवणे योग्य.

बर्निये आणि टॅव्हर्नियर

१६६५ च्या अखेरीस टॅव्हर्नियर आग्र्याहून बंगालकडे निघाला तेव्हा फ्रान्स्वा बर्निये हा वैद्य वाटेत त्याच्या सोबतीला होता. दोघांची तुलना उद्बोधक आहे. बर्निये विद्वान होता. त्याने हिंदुस्थानविषयी एक सिद्धांत मांडला. सर्व जमीन बादशहाची आहे, खासगी मालकी नाही, म्हणून देश दरिद्री आहे, असे त्याचे म्हणणे. हा विचार युरोपात खोलवर रुजला. मार्क्सने १८५३ मध्ये एंगेल्सला लिहिलेल्या पत्रात बर्नियेचाच आधार घेतला. टॅव्हर्नियरपाशी कोणताही सिद्धांत नव्हता. पण प्रत्येक खेड्यातील सराफ, ढाक्यापासून सुरतेपर्यंत चालणाऱ्या हुंड्या, लाखोंच्या उलाढाली करणारे व्यापारी आणि कापडाखाली होणारे सौदे हे त्याच्या वहीत आहेत. बर्नियेच्या स्थिर आणि निर्जीव पूर्वेच्या चित्राला त्याच्याच सोबत्याच्या हिशेबांनी छेद दिला आहे. मोठा सिद्धांत सांगणाऱ्याचे वाक्य आकर्षक असते, म्हणून ते उद्धृत झाले. हिशेब लिहिणाऱ्याचा आकडा रुक्ष, म्हणून तो बराच काळ दुर्लक्षित राहिला.

याचा अर्थ टॅव्हर्नियर पूर्वग्रहमुक्त होता असे नाही. हिंदूंच्या उपासनेविषयी आणि मुसलमान फकिरांविषयी त्याच्या लिखाणात तुच्छता आहे. डचांवर तर त्याने पुरवणी खंडात स्वतंत्र आरोपपत्रच लिहिले. परंतु भाव, वजन आणि वाट सांगताना हे पूर्वग्रह त्याला बाजूला ठेवावे लागत. खोट्या भावाने कोणत्याही धर्माच्या व्यापाऱ्याचे नुकसानच होते.

वाचनाचा नियम

यातून साधनपरीक्षेचा एक साधा नियम हाती येतो. टॅव्हर्नियरचे कोणतेही विधान समोर आले, की प्रथम विचारावे : हे चुकले असते तर त्याचे काय बिघडले असते? रस्ता, दर, वजन, जकात, मजुरी आणि भेसळ या बाबतींत त्याचे नुकसान झाले असते. तेथे त्याला उच्च दर्जाचा साक्षीदार मानावे. राजघराण्यांतील कलह, वैराची कारणे, बांधकामाची वर्षे आणि अपूर्ण राहिलेल्या कबरी या बाबतींत त्याचे काहीच बिघडणार नव्हते. तेथे फारसी, मराठी आणि पोर्तुगीज साधनांनी दुजोरा दिल्याशिवाय त्याचा शब्द घेऊ नये. ‘मुहम्मदनामा’, ‘बसातीन-उस-सलातीन’ आणि ‘पादशाहनामा’ हे ग्रंथही दरबारी भाषेचे आहेत आणि त्यांचीही परीक्षा करावीच लागते. परंतु परक्याचे विधान तटस्थ आणि घरचे विधान पक्षपाती, अशी वाटणी आरंभीच करून टाकणे हे संशोधन नव्हे.

हा नियम पाळला गेला नाही, त्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. सुलतानांना केवळ विलासी आणि क्रूर ठरवणाऱ्यांनी टॅव्हर्नियरच्या राजवाड्यातील गोष्टी उचलल्या. त्यांना केवळ वैभवशाली ठरवणाऱ्यांनी त्याचे मयूरासन आणि हिरे उचलले. तीन होनांवर वर्ष काढणारा खाणमजूर आणि निळीची भुकटी श्वासावाटे घेणारा चाळणकरी या दोघांनाही नको होता. वास्तविक त्याच्या ग्रंथातील सर्वांत विश्वासार्ह माणसे तीच आहेत.

आता पुन्हा डिचोली आणि पेडणे यांच्याकडे वळता येईल. हा मुलूख तेव्हा आदिलशाहीच्या सरहद्दीवर होता. पुढे तो सावंतवाडीकरांकडे राहिला. औरंगजेबाचा बंडखोर शहजादा अकबर १६८३ च्या सुमारास डिचोलीत होता आणि तेथील नमाजगाह त्याच्या मुक्कामाशी जोडले जाते. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त गणले जाऊ लागले. मधल्या दीडशे वर्षांत या वाटांवरून मीठ, तांदूळ, सुपारी, कापड आणि घोडे गेले असणार. टॅव्हर्नियरच्या थैलीत यांतील काहीच नव्हते. त्यामुळे त्याच्या वहीत या गावांना जागा मिळाली नाही. गावे मोकळी होती किंवा तेथे व्यापार नव्हता, असा त्याचा अर्थ होत नाही. हिरे नव्हते, एवढाच होतो.

या मुलुखाचा व्यापारी इतिहास लिहायचा तर तो तेथल्या वह्यांतूनच लिहावा लागेल. गोव्यात फ्रेंचांचे दलाल म्हणून काम केलेल्या म्हामाय कामत घराण्याचे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कागद पोर्तुगीज, फ्रेंच, मोडी मराठी अशा अनेक भाषांत आहेत आणि त्यांनी गोव्याच्या व्यापाराचे चित्र पालटले आहे. देवस्थानांचे हिशेब, सावंतवाडीचे दप्तर, मशिदी-दर्ग्यांच्या इनामांच्या सनदा आणि पोर्तुगीज जकातीच्या नोंदी यांत पेडण्याचे आणि डिचोलीचे वाणी, सराफ, तांडेल आणि बैलांचे तांडे सापडण्याची शक्यता अधिक. मोडी आणि फारसी या दोन्ही लिप्या वाचणारे तरुण अभ्यासक दिवसेंदिवस विरळ होत आहेत, ही यातील खरी अडचण. शिक्षणसंस्थांनी या लिप्यांचे वर्ग चालू ठेवले तर हे काम होऊ शकते. टॅव्हर्नियरकडून घेण्यासारखी शिस्तही हीच आहे. ज्या गोष्टीवर आपले काही लागलेले असते, ती माणूस नीट मोजतो. डिचोली-पेडण्याच्या इतिहासावर ज्यांचे काही लागलेले आहे, त्यांनीच तो मोजला पाहिजे.